ढाल आणि तारण

लाकूड म्हणजे सागवान, ही आमच्या घराण्याची श्रद्धा. वडिलांनी करून घेतलेलं कपाट तीन बिऱ्हाडं बदलून आजही चार हमालांना घाम फोडतं. त्यामुळे इंग्लंडातल्या भाच्याने फोनवर, "मामा, ढालीला लाकूड कुठलं घेऊ?" असं विचारताच मी ताडकन सांगितलं, "तिकडचं सागवान घे. ओक!"

हा भाचा आठवडाभर कॉम्प्युटर बडवतो आणि रविवारी हजार वर्षांपूर्वीचा अँग्लो-सॅक्सन योद्धा होतो. (आमच्याकडे रविवारी लोक दळण आणतात.)

पुढे मी रजा काढून त्याच्याकडे गेलो. परसात कुंपणाला ओकची ढाल टेकवलेली. उचलून पाहिली, तर थेट आमच्या कपाटाचं दार! भाच्याने कुऱ्हाडीचा एक घाव घातला आणि माझा सल्ला रेषेरेषेने उभा चिरला.

"आता लाइमची बघू," तो म्हणाला.

"लिंबाची? अरे, ढाल करायचीय की लोणचं?"

लाइम म्हणजे तिकडचं लिंडनचं झाड, लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'लिंड' म्हणजे झाडही आणि ढालही. रोमच्या प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय की, ढालीला अंजीर, विलो, लिंडन, बर्च, पॉप्लर अशी पाणथळ जागची चिवट लाकडं घ्यावीत. घाव बसला की ती आक्रसून जखम मिटवतात, लोखंड सहजी पार जाऊ देत नाहीत. विलो म्हणजे आपल्या क्रिकेटच्या बॅटचं! मात्र नॉर्वेत 1880 साली गोकस्टादच्या जहाजावर 64 ढाली सापडल्या, त्या पाइनच्या. दारात जे झाड, तेच हातात.

ढालीवर कातडंही हवं. मेंढीचं लावणाऱ्या कारागिराला इंग्लंडच्या एथेलस्टन राजाने दहाव्या शतकात 30 शिलिंग दंड ठेवला होता. म्हणजे भेसळ तेव्हाही होतीच!

"सल्ला तुमचा होता, मामा. आता ही तुम्हीच धरा."

बोटभरसुद्धा जाड नसलेली ती हलकी फळकुटं पुढे धरून मी डोळे मिटले. बायको, मुलं, अर्धवट फेडलेलं घराचं कर्ज, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. धप्प! डोळे उघडले, तर कुऱ्हाड ढालीत रुतलेली आणि मी अखंड. भाचा ओढतोय, पण निघेना.

"मामा, सोडा ना!"

छे! बँकेत वीस वर्षं काढलीयत. तारण एकदा हाती आलं की सोडायचं नसतं.