एका अक्षराचे ठिगळ

आमच्या धर्मग्रामाचे पत्रक आम्ही संगणकावर ‘विम’ या आज्ञावलीच्या साहाय्याने लिहितो. ती प्रथम उघडली तेव्हा पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याची विनंती उमटली आणि आम्ही थबकलो. ‘विम’चा कर्ता ब्राम मुलेनार हा डच गृहस्थ. १९९१ साली त्याने ती लोकांपुढे ठेवली. १९९४ साली युगांडातील किबाले येथील बालकेंद्रात त्याने पाणी व स्वच्छतेचा अभियंता म्हणून काम केले. आज्ञावली कोणीही विनामूल्य वापरावी आणि वाटल्यास त्या मुलांसाठी काही द्यावे, एवढेच त्याचे मागणे होते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी तो निवर्तला. त्याचे काम आता स्वयंसेवक पुढे नेत आहेत.

या ऋणाची अल्पशी फेड करण्याची संधी आम्हांला लाभली. ‘विम’च्या मदत-पृष्ठावरील एका इंग्रजी शब्दात एक अक्षर गळालेले दिसले. अशी दुरुस्ती ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, या रूपात पाठवायची असते. त्यात चुकीच्या ओळीपूर्वी वजा चिन्ह व सुधारलेल्या ओळीपूर्वी अधिक चिन्ह असते. ठिगळ नेमके कोठे बसवायचे हे कळावे म्हणून वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी जशाच्या तशा द्याव्या लागतात. त्यांच्या आरंभी केवळ एक कोरी जागा असते. आम्ही हे सारे तयार करून ई-मेलच्या मजकुरात चिकटवले आणि धाडले.

उत्तर आले: ठिगळ बसत नाही, दहावी ओळ सदोष आहे. आम्ही आपली प्रत उघडून पाहिली. दहावी ओळ निर्दोष! पुन्हा तेच पाठवले, पुन्हा तेच उत्तर. सेमिनरीत लॅटिन व्याकरणाचे धडे गिरवलेल्या माणसाला कोणी ओळ लिहायला शिकवावे, हे मनाला लागले. आम्ही एक खरमरीत पत्र लिहून ठेवले.

त्या सायंकाळी धर्मग्रामातील एक तरुण अभियंता आला. हकीकत ऐकून तो म्हणाला, “फादर, तुमची प्रत पाहू नका. त्यांना जे पोहोचले ते पाहा.”

पाठवलेले पत्र उघडले. मदत-पृष्ठाच्या ओळी ७८ अक्षरांपर्यंत जातात. आमची ई-मेल व्यवस्था मात्र प्रत्येक ओळ ७२ अक्षरांपाशी मोडत होती. नववी ओळ दुभंगून तिचा उरलेला तुकडा दहावी ओळ होऊन बसला होता. त्याच्या आरंभी ना कोरी जागा, ना अधिक, ना वजा! शिवाय ‘टॅब’च्या जागी साध्या कोऱ्या जागा आल्या होत्या. त्यामुळे तुकडा हाताने जोडला असता तरी शेजारच्या ओळी मुळाशी जुळल्या नसत्या.

उपाय सोपा होता. ठिगळाची फाइल मजकुरात न चिकटवता पत्राला जोडायची. प्रथम ती स्वतःलाच पाठवायची, आलेली फाइल उतरवून मूळ पृष्ठाच्या कोऱ्या प्रतीवर बसते का ते पाहायचे, आणि मगच धाडायची. तसे केले. ठिगळ बसले. खरमरीत पत्र आम्ही पुसून टाकले.

परंतु त्या तरुणाचे वाक्य पुसले जाईना. काही महिन्यांपूर्वी वेदीवरून केलेल्या एका सूचनेने आमच्या एका कुटुंबाचे मन दुखावले होते. “आम्ही तसे म्हटलेच नव्हते,” असे सांगून आम्ही मोकळे झालो होतो. आपल्या प्रतीत दहावी ओळ निर्दोषच होती ना!

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. स्पष्टीकरण दिले नाही. त्या रविवारी त्यांना काय ऐकू आले, तेवढे विचारले, आणि चहा निवेपर्यंत ऐकत राहिलो.