आम्ही लिनक्सवर का लिहितो?

आम्ही गेली अनेक वर्षे लिनक्सवर लिहितो. हे कळले की कार्यकर्ते मित्र दोन प्रकारे बोलतात. काही म्हणतात, "समाजापुढे एवढे प्रश्न आ वासून उभे आहेत आणि तुम्ही कॉम्प्युटरमध्ये कोणती सिस्टिम टाकायची यावर वाद घालताय?" दुसरे म्हणतात, "लिनक्स ही इंजिनिअर लोकांची भानगड. आपल्याला आपली विंडोज बरी." पहिल्यांना आधी उत्तर देतो, कारण त्यांचा आक्षेप जास्त गंभीर आहे.

लिहिण्याचे साधन कोणाच्या हातात आहे हा प्रश्न आंबेडकरी चळवळीत कधीच किरकोळ नव्हता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. आणि 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला होता. दुसऱ्याच्या पानावर आपल्याला विकतची जागासुद्धा मिळत नाही, हा अनुभव चळवळीला पहिल्याच पत्राच्या वेळी आला. म्हणून बाबासाहेब नुसते लेख लिहून थांबले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे निघत गेली आणि स्वतःचा छापखानाही उभा राहिला. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन रातोरात पाडले गेले, तेव्हा त्यातली बुद्धभूषण प्रेसही ढिगाऱ्याखाली गेली. त्या वेळी मुंबईच्या रस्त्यावर उतरलेल्या लोकांना छापखाना म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आज तो छापखाना आपल्या टेबलावर आहे. मग तो कोणाच्या मर्जीने चालतो, हे विचारायला नको काय?

आपल्या वस्त्यांमध्ये विंडोज कशी येते ते सगळ्यांना ठाऊक आहे. सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचा, कोपऱ्यावरच्या दुकानात द्यायचा, तो तीनशे-चारशे रुपयांत 'फॉरमॅट मारून' देतो. त्यात क्रॅक केलेली विंडोज, क्रॅक केलेले ऑफिस, क्रॅक केलेला फोटोशॉप, सगळे फुकट. यावर नीतीचे प्रवचन द्यायची आम्हाला इच्छा नाही. ज्या पोराचा बाप नाक्यावर मजुरीला उभा राहतो त्याने हजारो रुपयांचे लायसन्स का घेतले नाही, असे विचारणारा माणूस आम्हाला आवडत नाही. पण विहारात दर रविवारी आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील सांगते की जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही. मग जे आपल्याला उघडपणे, हक्काने दिलेले आहे ते बाजूला ठेवून न दिलेले कशाला घ्यायचे? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला, आणि उत्तर फार अवघड नव्हते.

नीती बाजूला ठेवा, व्यवहार पाहा. क्रॅक करणारा माणूस कुलूप फोडून देतो, तेव्हा मागचे दारही उघडे ठेवू शकतो. एका जयंतीच्या वेळी पत्रकाचा मजकूर आम्ही पेनड्राइव्हवर डीटीपीवाल्याकडे नेला. परत आला तेव्हा सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले होते. मंडळाच्या ज्या ज्या कॉम्प्युटरला तो पेनड्राइव्ह लागला, तिथे तिथे तोच प्रसाद वाटला गेला. लिनक्सच्या मशीनवर तो उघडला तेव्हा आतल्या मूळ फाइल जशाच्या तशा दिसल्या, कारण तो व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला होता. पत्रक वेळेवर छापले गेले. लिनक्सला व्हायरस लागतच नाही असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आता फॉन्टचे बोलू, कारण आपल्या चळवळीचे खरे नुकसान इथे झाले आहे. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हे अक्षर नसतेच. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चे नुसते चित्र बसवलेले असते. तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते. दुसऱ्याकडे फाइल गेली की त्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच, म्हणून तो शोधला तरी सापडत नाही. किती जयंती विशेषांक, स्मरणिका, परिषदांचे अहवाल, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या आठवणी अशा पेजमेकरच्या फाइलमध्ये, सीडीवर, कुणाच्या तरी कपाटात पडून आहेत! लिहिणारे गेले. डीटीपीवाल्याने दुकान बंद केले. फॉन्टची डाँगल हरवली. वाचायला माणसे आहेत, पण मजकूर कुलपात आहे.

युनिकोडने हे कुलूप काढले. १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला त्यात स्वतःचा क्रमांक आहे. युनिकोड ही काही लिनक्सची जहागीर नाही, विंडोजवरही ते चालते. पण विंडोज एक्सपीच्या काळात मराठी दिसण्यासाठी सेटिंगमध्ये शिरून, सीडी घालून फाइली टाकाव्या लागत, हे तेव्हाच्या लोकांना आठवत असेल. आज लिनक्स टाकल्यावर मराठी दिसते, कीबोर्डच्या यादीत मराठी निवडता येते आणि लिब्रे ऑफिस आधीपासूनच आत असते. त्याचा मेनूसुद्धा मराठीत करता येतो. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त, बालू यांसारखे देखणे फॉन्ट वापरायला, वाटायला, छापायला खुले आहेत. इनस्क्रिप्ट शिका, ही आमची कळकळीची विनंती. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. आठ-पंधरा दिवस बोटे रडतात, मग विंडोज असो, लिनक्स असो की मोबाइल, सगळीकडे तोच कीबोर्ड कामाला येतो.

काही उत्साही मित्र विंडोजला मनुस्मृती आणि लिनक्सला संविधान म्हणतात. आम्हाला ही उपमा पटत नाही. कोड झाकून ठेवणारी कंपनी नफा कमावते, ती कोणाच्या कानात शिसे ओतत नाही. उपमा स्वस्त झाली की मूळ अत्याचारही स्वस्त होतो. शिवाय लिनक्सच्या जगातही मोठमोठ्या कंपन्यांचा पैसा आहे. ते काही सर्वस्व सोडून बसलेल्या भिक्खूंचे काम नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नूची घोषणा केली, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने कर्नल लिहायला घेतला, आणि ज्या लायसन्सखाली हे काम जगाला मिळाले त्यात चालवा, वाचा, बदला, वाटा अशी चार प्रकारची मोकळीक लिहून दिलेली आहे. एवढे पुरेसे आहे. उगाच देव्हारा बांधायचे कारण नाही.

तरी एक गोष्ट आठवते. १९२३ मध्ये बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. पाणी प्यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तिथे अडवणारे लाठ्या घेऊन उभे होते. इथे आपल्याला कोणी अडवत नाही, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण कागदावर खुले असणे आणि आपण जाऊन ओंजळ भरणे यात अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे? कोड खुला आहे. तो वाचायला इंग्रजी लागते, इंटरनेट लागते, रिकामा वेळ लागतो, आणि हे सगळे कोणाच्या घरात आधी पोचले ते सांगायला नको. मुक्त सॉफ्टवेअरच्या बैठकांत "इथे जात नसते" असे सांगणारे भेटतात. आम्ही तिथे आडनावे मोजतो. त्यावर कोणाला राग आला तरी आम्ही मोजत राहणार.

हा विषय आजच काढण्याचे कारण वेगळे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे साधारण २०१८ च्या आधीचे बरेचसे लॅपटॉप त्यात बसत नाहीत. त्यातही होम आवृत्ती बसवताना इंटरनेट आणि कंपनीचे खाते मागते. आपल्या पोरांकडे बहुतेक हेच जुने लॅपटॉप आहेत. दुकानदार सांगेल, "नवा घ्या." मशीन धडधाकट असताना कर्ज काढून नवा घ्यायचा? चार जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती नीट चालते. आम्ही हा मजकूर तशाच एका मशीनवर लिहीत आहोत.

मात्र सरसकट सगळ्यांनी बदला असे आम्ही म्हणणार नाही. फ्लेक्सचा धंदा कोरलड्रॉवर चालतो आणि कोरलड्रॉ लिनक्सवर धड चालत नाही. ज्याचे पोट त्यावर आहे त्याने विंडोज ठेवावी. सरकारी टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्याने ज्या सिस्टिमवर परीक्षा असते तिच्यावरच सराव करावा. डिजिटल सही लागणारी काही सरकारी कामे लिनक्सवर अडतात. काही स्वस्त प्रिंटर छळतात. अशांना एकाच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम ठेवता येतात. पण जो मुख्यतः लिहितो, वाचतो, पत्रके काढतो, अर्ज भरतो, अभ्यास करतो, त्याला विंडोजवाचून अडावे असे आम्हाला तरी दिसलेले नाही.

टाकण्याआधी चालवून पाहा. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातले सगळे आधी दुसरीकडे काढून ठेवा, कारण तो पूर्ण पुसला जातो. त्यावर मिंटची फाइल चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, मराठी टायपिंग, प्रिंटर तपासता येते. पटले नाही तर पेनड्राइव्ह काढा, जुनी विंडोज जागच्या जागी असेल. पटले तर मंडळातल्या सर्वांत जुन्या, कोपऱ्यात टाकलेल्या लॅपटॉपवर आधी टाका. आणि त्याच मंडळाच्या कपाटातल्या जुन्या सीडी बाहेर काढा. श्रीलिपी-कृतीदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, ते हाताने दुरुस्त करावे लागतात. एका स्मरणिकेला दोन माणसे धरा.

जय भीम!