ड्रेस्डेनचा मनोरा आणि आरशाचा कॅमेरा

मुलांनो, लग्नात फोटो काढणाऱ्या काकांच्या कॅमेऱ्याला वर एक टेंगूळ असतं, पाहिलंय का? ते कुठून आलं, हे मला जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात कळलं. माझा भाऊ तिथं नोकरीला आहे, म्हणून उन्हाळी सुट्टीत जाणं झालं.

शहराच्या स्ट्रीसेन भागात 48 मीटर उंच एर्नेमन मनोरा आहे. पूर्वी इथं कॅमेऱ्यांचा कारखाना होता, आता संग्रहालय आहे. तिथल्या एका काचेच्या पेटीपाशी भावानं मला थांबवलं. "ताई, हा बघ किने एक्झाक्टा!"

ड्रेस्डेनच्याच इहागे कंपनीनं तो 1936 साली आणला. तोवर बऱ्याच कॅमेऱ्यांत पाहायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारं भिंग वेगळं असायचं. जवळून फोटो काढला, की कधी कुणाचं डोकंच उडायचं! यात मात्र भिंगामागं तिरका आरसा होता. भिंगातून आलेला उजेड आरशावरून वरच्या काचेवर जायचा आणि तिथं चित्र दिसायचं. बटण दाबलं, की आरसा टुणकन वर आणि तेच चित्र फिल्मवर!

पण एक पंचाईत होती. मान खाली घालून पाहावं लागे, आणि चित्रात डावं-उजवं उलटं. मुलगा उजवीकडं पळाला, की काचेवर तो डावीकडं पळायचा.

हा कॅमेरा रचणारे कार्ल न्यूख्टरलाइन पुढं युद्धावर गेले, ते परत आलेच नाहीत. फेब्रुवारी 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यांत शहर जळालं, इहागेचा कारखानाही गेला. हे ऐकून मी त्या पेटीपुढं गप्पच उभी राहिले. माणूस गेला, कारखाना गेला, त्यांनी केलेली वस्तू मात्र समोर होती.

पण ड्रेस्डेनचे कारागीर पुन्हा कामाला लागले, बरं का! 1949 साली झाइस इकॉनच्या इथल्या कारखान्यातून 'काँटॅक्स एस' बाहेर पडला. त्याच्या डोक्यावरच्या टेंगळात पेंटाप्रिझम नावाची पैलूदार काच होती. पेंटा म्हणजे पाच, आपल्या 'पंच'चाच भाऊबंद! तिनं उलटं चित्र सुलट केलं. आता कॅमेरा डोळ्याला लावून सरळ समोर पाहता येऊ लागलं. पुढं जपानच्या निकॉन एफनंही 1959 साली हीच वाट धरली.

ड्रेस्डेनच्या कारखान्यांना नंतर 'पेंटाकॉन' नाव मिळालं. पेंटाप्रिझममधला 'पेंटा' आणि काँटॅक्समधला 'काँ'! 1990 साली दोन्ही जर्मनी एक झाले आणि पेंटाकॉन बंद करायचं ठरलं. हजारो कामगारांचं काम गेलं. टेंगूळ मात्र जगभर राहिलं.

आता एक प्रयोग करा. कागदावर तुमचं नाव लिहून आरशापुढं धरा, उलटं दिसेल. मग दोन आरसे उघड्या पुस्तकासारखे काटकोनात उभे करा आणि कागद मधोमध धरा. नाव सुलट! प्रिझमच्या वरच्या दोन बाजू अशाच काटकोनात, घराच्या छपरासारख्या असतात. समजलं ना टेंगळाचं गुपित?