माळवदाखालचे चार खण

अंबड तालुक्यातील ज्या गावी माझे बालपण गेले, ते गाव निजामाच्या राज्यात एका जहागीरदाराकडे होते. आणि माझे आजोबा त्याच्या दफ्तरात कारकून असल्यामुळे, गढीच्या उतरणीवर चाकरमंडळींसाठी बांधलेल्या सात घरांच्या ओळीतील चार खणांचे एक घर आमच्या वाट्यास आले होते. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर, हे मला पुष्कळ उशिरा कळले. लहानपणी तो मला माणसाची योग्यता मोजण्याचा गज वाटे. आणि ती समजूत अगदीच निराधार नव्हती, कारण शिपायास दोन खण, कारकुनास चार, पेशकारास सहा, असाच तिथला हिशेब होता.

गोदाकाठच्या या मुलखात शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. काळी माती पावसात फुगते व उन्हात तडकते, सबब पिकास उत्तम असली तरी भिंतीस निरुपयोगी. म्हणून राख, शेण आणि ढासळलेली घरे यांपासून कैक पिढ्यांत साचलेली पांढरीच खणावी, तिचे भेंडे पाडावेत आणि दोन हात रुंदीच्या भिंती रचाव्यात, असा प्रघात पडला. आमच्या माजघराच्या भिंतीतून एकदा काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा निघाला, तो कोणाचा, हे सांगणारे अर्थातच कोणी नव्हते.

भिंतींवर मात्र छपराचा भार नसे. दगडी उथळ्यांवर उभे सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच्या, किलच्यांवर वाळवी लागू नये म्हणून लिंबाचा पाला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर पाणी न पिणारी खारी माती, असे ते माळवद असे. वैशाखातही त्याखाली माठातल्यासारखा गारवा राही. मृग लागण्यापूर्वी त्यावर नवी माती घालून ती तुडवावी लागे. पंधराव्या वर्षी ते काम प्रथमच माझ्यावर आले. गावचे म्हातारे गवंडी खालून ओरडून सांगत होते, "बापू, कोपरे नीट तुडवा, पन्हळीपाशी भेग ऱ्हाती!" मला नदीवर पोहायला जायचे होते. पहिल्याच मोठ्या पावसात पन्हळीपाशीच पाणी मुरले आणि बळदातली दोन पोती ज्वारी भिजून तिला मोड आले. आजोबा काही बोलले नाहीत. महिनाभर त्या आंबूस भाकरी मात्र त्यांनी माझ्याच पंक्तीला बसून खाल्ल्या.

१९४९ साली जहागिरी खालसा झाल्या, गढी ओस पडली, आणि घरे राहत्या माणसांच्या कबजात राहिली. पुढे मुलगा इंग्लंडात ब्रिस्टलला नोकरीस असताना त्याने मला ब्लेझ हॅम्लेट नावाची वाडी दाखवली. जॉन हारफर्ड नावाच्या धनिकाने आपल्या मिळकतीवरील निवृत्त नोकरांसाठी १८११ च्या सुमारास जॉन नॅश या वास्तुविशारदाकडून हिरवळीभोवती नऊ घरे बांधून घेतली. कोणतेही घर दुसऱ्यासारखे नाही, आणि धुराडी तर अशी नटवलेली की धूर हा जणू निमित्तमात्र असावा. घरे सुंदर आहेत, हे मान्यच केले पाहिजे. तथापि ती म्हाताऱ्यांच्या सोयीपेक्षा पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी अधिक रचली आहेत, असे मला वाटत राहिले. आणि त्याच वेळी आठवले की आमच्या ओळीतील सातही दरवाजे गढीकडे तोंड करून होते. मागे ओढ्याचा वारा येई, त्या बाजूस साधा झरोकासुद्धा नव्हता. धन्याची नजर कोठून पडणार, हे दोन्ही ठिकाणी आधी ठरले होते आणि भिंती मागाहून उभ्या राहिल्या होत्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला. जड माळवदांखाली हजारो माणसे गेली, आणि जालन्यापर्यंत लोकांनी आढ्याकडे भीतीने पाहण्यास प्रारंभ केला. मला माळवदाचा कितीही अभिमान असो, डोक्यावर टनावारी माती घेऊन निजण्याचे समर्थन त्या दिवसानंतर माझ्याने करवेना. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही माती उतरवून पत्रे घातले. भावजयीने दुपारी घरात बसणे सोडले आणि लिंबाखाली बाज टाकली. दर वर्षी एकेक थर चढून हातभर जाड झालेली ती माती बैलगाडीच्या अकरा खेपा भरून आम्ही ओढ्याकाठच्या शेतात पसरली. त्या साली तेवढ्या पट्ट्यातली ज्वारी बाकीच्या रानापेक्षा वीतभर उंच झाली होती.