होडीचा राखणदार

या ग्रुपवर आपण बहुतेक जण जुनी घरं, शाळा, नाटकं, जत्रा यांच्यावर लिहितो. आज विषय जरा वेगळा. आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासलेल्या माणसाने होडीच्या अलार्मवर लिहावं याचं काहींना हसू येईल. पण ज्यांचा पंप, ट्रॅक्टर किंवा होडी घरापासून लांब उघड्यावर असते, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो.

आमचं घर चोडण बेटावर. समोर रायबंदर, मध्ये मांडवी, ये-जा फेरीबोटीने. सलीम अली पक्षी अभयारण्य आमच्याच बेटाच्या टोकाला. माझ्या पुतण्याने कर्ज काढून चोवीस फुटी फायबरची होडी घेतली, ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन लावलं आणि पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेऊ लागला. होडी-इंजिन मिळून चार लाखांचा मामला. धंद्याचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेवढेच. गेल्या वर्षी पलीकडच्या एका खाडीतून कुणाचं तरी इंजिन रातोरात गेलं. चार स्क्रू सैल केले की इंजिन खांद्यावर घेऊन माणूस चालू लागतो. पुतण्या म्हणाला, "काका, विमा आहे, पण पैसे हातात येईपर्यंत पक्षी परत जातील आणि हप्ते चालूच राहतील. तुम्हीच काहीतरी हिशेबात बसणारं सुचवा."

मी म्हटलं, आधी मर्यादा ठरवू. चार लाखांच्या वस्तूच्या राखणीला दहा हजार, म्हणजे अडीच टक्के. त्यावर एक रुपया नाही. बोटींसाठी खास बनवलेल्या परदेशी यंत्रणा तिथेच बाद झाल्या.

मग बाजारातल्या वस्तू एकेक करून तपासल्या. मोटारसायकलचा हादऱ्यावर वाजणारा अलार्म सगळ्यात स्वस्त. पण पाण्यावरची होडी कधी स्थिर असते? फेरीबोटीची लाट आली की हा बोंबलणार. माणसाच्या अंगाची ऊब ओळखणारा सेन्सर बंद खोलीत उत्तम. उघड्या होडीत बगळा येऊन बसला, उन्हाने फळी तापली, तरी तो फसू शकतो. जीपीएस ट्रॅकरला "या वर्तुळाबाहेर गेली की कळव" असं सांगता येतं. पण एका नांगरावरची होडी भरती-ओहोटीबरोबर गोल फिरते, शिवाय जीपीएसमध्ये पाच-दहा मीटरचा फरक पडतोच. वर्तुळ दोराच्या लांबीहून चांगलंच मोठं ठेवावं लागतं. आणि मुख्य म्हणजे होडी जागेवर ठेवून नुसतं इंजिन नेलं, तर होडीतल्या ट्रॅकरला त्याचा पत्ताच नाही.

खोट्या हाकेचा अनुभव मला नोकरीतला आहे. माझ्या एका शाखेत कॅशियरच्या पायाखाली बटण आणि बाहेर भिंतीवर मोठा भोंगा होता. पावसाळ्यात विजेचा दाब खाली-वर झाला की तो रात्री आपोआप वाजे. पहिल्यांदा अख्खा बाजार गोळा झाला. चौथ्यांदा समोरच्या चहावाल्याने कूससुद्धा बदलली नाही. अलार्मची किंमत त्याच्या आवाजात नसते, लोकांच्या विश्वासात असते.

म्हणून मी पुतण्याला विचारलं, "वाजला तर ऐकणार कोण?" आमचं घर पाण्यापासून किलोमीटरभर आत. त्याचा फोन वाजेल, तो उठेल, गाडी काढेल, तोवर चोर पार. पण होडी बांधतो तिथून शंभर पावलांवर मासे पागणारं एक कुटुंब राहतं. वडील, दोन मुलगे, म्हातारी आजी. त्यांची स्वतःची होडीही तिथेच. वडील सांगायचे, खाजनाच्या बांधाला भगदाड पडलं की एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ती पुढे न्यायची आणि माणसं हातातलं काम टाकून माती घेऊन धावायची. त्या वेळी यंत्र नव्हतं, पण हाक कुणी मारायची आणि धावायचं कुणी हे ठरलेलं होतं. आपल्याला विकत घ्यायची ती फक्त हाक. धावणारा माणूस जोडावाच लागतो.

आम्ही दोघं त्या घरी जाऊन बसलो. ठरलं असं की भोंग्याचा हिशेब दोन्ही होड्यांचा. त्यांच्या इंजिनालाही तार आमच्याच पेटीतून.

आता प्रत्यक्ष मांडणी. इंजिनाच्या हँडलमधून बारीक तारेचा वेढा घेतला. तार तुटली किंवा सुटली की सर्किट तुटतं आणि भोंगा वाजतो. लाटेने तार तुटत नाही, बगळ्यानेही नाही. दुसऱ्या होडीपर्यंत नेलेली तार सैल सोडली, म्हणजे भरती-ओहोटीत ताण येत नाही. सोबत तीन नंबरांना फोन लावणारं यंत्र. पहिला नंबर त्या शेजारच्या घरचा, दुसरा पुतण्याचा, तिसरा माझा. होडीच्या तळाशी एक तरंगता स्विच, पाणी साचलं तर कळवायला. होडीच गेली तर माग काढायला लपवलेला ट्रॅकर. फक्त टूजीवर चालणारा ट्रॅकर जिओच्या सिमवर चालत नाही, हे घेण्याआधी बघा. इंजिनाच्या स्क्रूंवर बसणारं लोखंडी कुलूप.

खर्च असा: भोंगा व दिवा ७००, फोनचं यंत्र ३,२००, ट्रॅकर २,२००, बॅटरी ९००, सोलर पॅनेल ८००, तरंगता स्विच ३००, तारा आणि पाणी न शिरणारी पेटी ६००, कुलूप १,२००. एकूण ९,९००. दोन सिमकार्डांचं रिचार्ज वेगळं.

बॅटरीचा हिशेब मात्र करायला हवा. यंत्रणा सतत ३० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला सुमारे पाऊण अँपिअर-अवर. ७ अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची, म्हणजे जेमतेम पाच दिवस. म्हणून दहा वॅटचं पॅनेल. उन्हाच्या दिवसात ते रोजच्या खर्चाच्या तिप्पट-चौपट भरतं. पावसाळ्यात होडी काठावर ओढलेली असते. खाऱ्या हवेत जोडांना हिरवा गंज चढतो, तो महिन्यातून एकदा पुसायचा. इंजिनाचा नंबर आणि फोटो घरी ठेवायचे. पोलिसांचा ११२ आणि किनारी सुरक्षेचा १०९३ हे नंबर दोन्ही घरांत भिंतीवर लिहिलेले. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता चाचणी. त्या वेळी वाजला तर कुणी धावायचं नाही, इतर वेळी वाजला तर विचारायचं नाही.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस कोसळला त्या रात्री दोन वाजता फोन आला. चोर नव्हता. होडीत पाणी भरलं होतं आणि मागची बाजू इंजिनाच्या वजनाने खाली गेली होती. आणखी थोड्या वेळाने इंजिन बुडालं असतं. पुतण्या धापा टाकत पोचला तेव्हा शेजारचे दोघे मुलगे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बादलीने पाणी उपसत होते. आजी दारात कंदील धरून उभी.

दुसऱ्या दिवशी आमच्या वहिनींनी राखणदाराला नारळ दिला आणि एक रोट त्या घरी पाठवला. पुतण्याने विचारलं, "काका, हा खर्च कुठल्या खात्यात?" म्हटलं, "देखभाल. दरवर्षी धरायचा."