‘कोणता?’ हा प्रश्न

मराठीत उपपदं नाहीत, म्हणून आपल्याला इंग्रजीतली ‘अ’ आणि ‘द’ जमत नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यात उमेदीचा काळ गेल्यावर मला ते पटत नाही.

‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्या वाक्यात डॉक्टर अजून ठरायचा आहे, तिथे ‘अ डॉक्टर’. दुसऱ्यात ते ठरलेले आहेत, फक्त सापडत नाहीत, तिथे ‘द डॉक्टर’. जाण आपल्यापाशी असतेच; ती प्रत्ययात दडलेली असते, एवढंच.

गफलत होते ती पुढे. ‘काल एका डॉक्टरांना भेटलो’ म्हणताना ते कोण हे मला पक्कं माहीत असतं, तरी इंग्रजीत ‘अ’च येतं, कारण ऐकणाऱ्याला ते माहीत नाही. निवाडा वाचकाच्या माहितीवर होतो, माझ्या नव्हे. ‘द’ जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामातून आलं आणि ‘ॲन’ ‘एक’ या अर्थाच्या शब्दातून. आपले ‘तो’ आणि ‘एक’ आजही तेच काम करतात.

उपपद गाळण्यालाही अर्थ असतो. मूल शिकायला ‘टू स्कूल’ जातं, पालक मुख्याध्यापकांना भेटायला ‘टू द स्कूल’ जातात. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे चार मित्र आहेत. ‘अ’ काढलं की मित्रांची वाण पडते.

इंग्रजी शब्दयोगी अव्ययांना मात्र ‘कोणता?’ हा एकच प्रश्न पुरत नाही. आपण सोमवारी, मे महिन्यात, पाच वाजता म्हणतो. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे ‘ऑन’, ‘इन’, ‘ॲट’ लागतात. कारमध्ये ‘इन’ आणि बसमध्ये ‘ऑन’, हे तर वापरातूनच अंगवळणी पडतं. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येतं ते आपल्या ‘विषयी चर्चा’मुळे, ते निर्धास्त काढून टाकावं.

मसुदा झाला की मी तो फक्त नामांसाठी पुन्हा वाचतो. प्रत्येक नामापाशी थांबून विचारतो: कोणता, हे वाचकाला एव्हाना कळलंय का? नियमांची यादी पाठ करून घेण्याआधी मुलांना हा प्रश्न विचारायला शिकवावं, आणि तेही मराठी वाक्यांवर. इंग्रजी त्यानं लवकर सुधारेल, आणि आपली भाषा किती बारकाईनं बोलते हेही त्यांना कळेल.