पाण्याखालचे गाव

पिरंगुटच्या घाटात सायकलवरून उतरावेच लागले. गुडघ्यांनी तसा हुकूमच सोडला! पण पौड मागे पडले, झाडीतून मुळशीचे निळे पाणी दिसले, आणि शीण कुठल्या कुठे पळाला.

काठावर एक वृद्ध बसले होते. म्हटले, "बाबा, केवढं सुंदर तळं!"

"व्हय, साहेब. आमच्या आज्याचं गाव त्याच्या खाली हाय."

मी वरमलो. या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्यातच पां. म. बापट 'सेनापती' झाले. धरण मात्र झालेच. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचे येथे अडलेले पाणी पश्चिमेला, कोकणात भिऱ्याला उतरते, आणि त्या विजेवर मुंबईचे दिवे लागतात.

यंदा दारात एक पणती अधिक लावणार आहे.